शेपटीमागचे पाहुणे

निरंजन घाटोळेच्या संसारात एक सवत होती. सवत बायकोला असते, नवऱ्याला नसते, हे मान्य. पण दुसरा शब्द सापडत नाही. ती जुनाट होती, तिच्या पाठीवर भलीमोठी गोल तबकडी होती, आणि आठवड्यातले निम्मे दिवस ती त्याच्या बायकोला उचलून आभाळात घेऊन जायची. हवाई दलातली माणसं तिला प्रेमाने म्हातारी म्हणत. निरंजन तिला जे म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हातारी म्हणजे टेहळणीचं विमान. जमिनीवरच्या रडारला क्षितिजापलीकडचं दिसत नाही, म्हणून रडारच उचलून वर न्यायचं, एवढी साधी ती युक्ती. उंचावरून पाहिलं की शत्रूचं विमान त्याच्या अंगणातून निघाल्याबरोबर कळतं. निरंजनची बायको, विंग कमांडर शर्वरी घाटोळे, या विमानाच्या पोटात पडद्यासमोर बसायची. पडद्यावर उमटणारा कुठला ठिपका आपला, कुठला परका आणि कुठला नुसताच भास, हे ती ठरवायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पण म्हातारी आता खरंच म्हातारी झाली होती. तिचे सुटे भाग बनवणारे कारखाने कधीच बंद पडले होते. तबकडी ज्या दोन खांबांवर उभी होती त्यांना बारीक तडे जात, ते बुजवले की शेजारी नवे दिसत. वीजवाहक तारांवरचं आवरण उन्हात पडलेल्या रबरासारखं कडक झालं होतं. तरीही ती उडत होती, कारण तिच्या जागी दुसरी यायची होती, आणि ती येईपर्यंत आभाळ मोकळं सोडता येत नव्हतं.

तिला उडती ठेवायची आणि तिच्या जागी नवी आणून बसवायची, ही दोन्ही कामं नागपूरच्या 'नभदृष्टी' नावाच्या खाजगी कंपनीकडे कंत्राटाने दिलेली होती. निरंजन त्याच कंपनीत होता. नवं विमान जुन्याचं सगळं काम करू शकतं, एकही गोष्ट राहिली नाही, असा दाखला त्याने सही करून द्यायचा आणि मग म्हातारी कायमची उतरायची, असा करार होता. तसं झालं की शर्वरीला नागपुरातच शिकवण्याची नेमणूक मिळणार होती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं दोघांनी वेगवेगळ्या गावांत काढली होती. या चाचण्यांच्या निमित्ताने म्हातारी नागपूरला आली आणि तिच्याबरोबर शर्वरीही, म्हणून तर सध्या दोघांच्या घरात एकाच कुकरमध्ये भात शिजत होता. ती वर गेली की निरंजनचं कशात लक्ष लागत नसे. खांबांचे तडे त्यानेच भिंगाखाली पाहिलेले होते ना.

नव्या विमानाला सगळे नवरी म्हणत. नवरीच्या पाठीवर तबकडी नव्हती. तिच्या कातडीतच, नाकापासून शेपटीपर्यंत, रडारचे चिमुकले तुकडे बसवलेले होते. म्हणजे अंगभर डोळे. आणि म्हातारीच्या पोटात जिथे डझनभर माणसं दाटीवाटीने बसत, तिथे नवरीत दोघंतिघंच पुरत होती, कारण ठिपके निवडण्याचं काम आता यंत्र करणार होतं. यंत्राला हे शिकवलं कोणी? म्हाताऱ्या विमानातल्या माणसांनीच. वर्षानुवर्षांच्या उड्डाणांची रेकॉर्डिंग होती. कुठला ठिपका कोणी धरला, कुठला सोडला, हे सगळं यंत्रापुढे ओतलं, आणि त्यातून ते आपलं आपण शिकलं. ज्या माणसाचा निवाडा चांगला, त्याच्या रेकॉर्डिंगला वजन जास्त. सगळ्यांत जास्त वजन शर्वरीच्या.

मग दोन्ही विमानं समुद्रावर नेऊन जोडीने उडवून पाहिली. चाचणीसाठी सोडलेली छोटी मानवरहित विमानं दोघींनीही टिपली. म्हातारीतली माणसं जे बोलली, तेच नवरीतलं यंत्र बोललं, शब्दाला शब्द. कंपनीचे प्रकल्पप्रमुख पिंपळापुरे साहेब इतके खूश झाले की त्यांनी अख्ख्या हँगरला संत्राबर्फी वाटली. "सोमवारी सही ठोक निरंजन," ते म्हणाले, "आणि वहिनीला घरी आण."

रविवारी दुपारी घाटोळ्यांकडे पाटवड्यांचा रस्सा होता. शर्वरी चवीने जेवत होती आणि नवऱ्याला चिडवत होती.

"तुझी नवरी अगदी माझ्या वळणावर गेलीय हं. शुक्रवारी मी तिच्यात बसून पाहिलं. बसल्या बसल्या शेपटीमागचे पाहुणे चटाचट पुसले तिने. क्षणभर मला वाटलं माझाच हात फिरतोय."

पाहुणे म्हणजे काय ते निरंजनला माहीत होतं. म्हातारीची तबकडी गरगर फिरायची, आणि तिच्या मागेच शेपटीचा उंच पत्रा उभा. रडारच्या लहरी त्या पत्र्यावर आपटून उलट्या फिरत, आणि पुढची जहाजं नाहीतर हायवेवरचे ट्रक मागे आल्यासारखे दिसत. हे भासाचे ठिपके म्हणजे पाहुणे. न बोलावता यायचे. म्हातारीतल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जाई, की पडद्यासमोर बसलास की आधी झाडलोट कर. शेपटीमागचं फिकट, मंद, खालून चाललेलं जे दिसेल ते पुसून टाक, मग कामाला लाग. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती ती, आणि रीत अगदी बरोबर होती. ती न पाळणारा संध्याकाळपर्यंत ट्रकांचा पाठलाग करीत बसला असता.

निरंजन हसला. रश्शात बुडवलेला घास त्याने तोंडाजवळ नेला, आणि तो तिथेच राहिला.

"शरू, नवरीला पाहुणे आले कुठून?"

"म्हणजे?"

"तिला तबकडी नाही. शेपटीतसुद्धा रडार आहे तिच्या. आपटणार कुठे लहरी? तिला पाहुणे येऊच शकत नाहीत."

शर्वरीचं चावणं थांबलं. ती हुशार बाई, तिला फोड करून सांगावं लागलं नाही.

"मग तिने पुसलं काय?" तिने विचारलं.

तेच तर. म्हातारीकडून नवरी सगळं शिकली, त्यात झाडलोटही शिकली. झाडलोट कशासाठी करायची हे यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने फक्त हात पाहिला होता. चांगली माणसं मागचं फिकट आणि मंद पुसतात, तेव्हा आपणही पुसावं. नवरीच्या मागे जे फिकट, मंद दिसलं ते खरं होतं, आणि ते तिने खऱ्या शिष्याच्या निष्ठेने पुसलं होतं. चाचण्यांत हे उघडं पडलं नाही, कारण चाचण्या म्हातारीच्याच माणसांनी आखल्या होत्या. मागे काही दिसत नाही हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की मागून काही सोडून पाहावं हे कोणाच्या मनातही आलं नाही.

"म्हणजे माझी चूक," शर्वरी म्हणाली.

"तुझी सवय. विमान बदललं तेव्हा तिची चूक झाली."

"गोड बोलू नकोस." ती ताट घेऊन उठली. रस्सा तसाच राहिला.

सोमवारी निरंजनने नवरीची कच्ची रेकॉर्डिंग उघडून पाहिली. जे पुसलं गेलं होतं त्यात तटरक्षक दलाचं एक छोटं विमान होतं, किनाऱ्यावरचं एक हेलिकॉप्टर होतं, आणि आणखीही बरंच. सगळं खरंखुरं. उद्या कोणी वैरी हलकं, मंद काही घेऊन मागून आला असता, तर नवरीने त्यालाही पाहुणा समजून वाट दिली असती.

तो पिंपळापुऱ्यांकडे गेला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

"काहून एवढं मनाला लावून घेतो बाप्पा?" ते म्हणाले. "सही कर. पुढच्या सुधारणेत गुपचूप दुरुस्त करून टाकू. सहा महिने नवरीच्या मागे कोण येऊन बसणार आहे?"

"आणि आला तर?"

"मी दुसरं विचारतो. तुझी बायको बसते ना म्हातारीत? त्या खांबांचे फोटो तूच मला दाखवले. तू सही नाही केली, तर हा सगळा पावसाळा ती त्याच विमानात उडणार. तिला काही झालं तर?"

रात्रंदिवस निरंजनला जी भीती छळत होती, तिलाच साहेबांनी नेमका हात घातला होता. सही केली तर बायको घरी, आणि देशाच्या पाठीमागे एक भोक. नाही केली तर भोक बुजेल, पण ते बुजेपर्यंत बायको तडकलेल्या खांबांखाली. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

घरी येऊन त्याने शर्वरीला सगळं सांगितलं. खरं म्हणजे त्याला वाटत होतं तिने म्हणावं, कर रे सही, सुटू दे मला. तिने तसं म्हटलं नाही.

"मला विचारू नकोस निरंजन. कर म्हटलं, तर मी माझ्या जिवासाठी म्हटलं असं होईल. नको म्हटलं आणि मला काही झालं, तर जन्मभर तू मनात माझ्यावर ढकलशील. तुझी सही आहे, तू ठरव."

त्याने सही केली नाही. हवाई दलाला कळवलं, की नवं विमान अजून तयार नाही, आणि कारणही स्पष्ट लिहिलं. पिंपळापुरे कपाळाला हात लावून बसले. म्हातारीतले सहकारी शर्वरीला म्हणू लागले, मॅडम, घाटोळे साहेबांना तुम्ही घरी नकोच दिसता. ती वरवर हसायची. घरी मात्र चार दिवस तिने "मीठ दे" आणि "दार लाव" यापलीकडे काही बोलणं केलं नाही. आपण जे आयुष्यभर उत्तम केलं तेच नेमकं चुकीचं शिकवून गेलं, हे गिळायला कोणालाही जड जाईल.

यंत्राला शिकवणं सोपं, शिकलेलं विसरायला लावणं महाकठीण. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यंत्र तर मरतही नाही. झाडलोट त्याच्या शिकण्यात मिठासारखी विरघळली होती, वेगळी काढायची कशी? शेवटी निरंजनने निराळी वाट धरली. विसरू नकोस, पण पुसूही नकोस. मागे जे संशयाचं दिसेल ते पिवळ्या ठिपक्याने दाखव, आणि माणसाला विचार.

संशय कसा असतो हे मात्र शिकवावं लागणार होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी शर्वरी हँगरमध्ये आली, निरंजनच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "लाव माझी रेकॉर्डिंग."

मग रोज, उड्डाणाहून परतली की ती तिथे बसू लागली. आपणच कधीकाळी पुसलेला एकेक ठिपका पाहून सांगायची. "हा ट्रकच आहे, शंभर टक्के. हा... हा तेव्हा मला पाहुणा वाटला होता. आता शपथेवर नाही सांगता येणार." स्वतःच्या हातच्या कामाबद्दल असं म्हणायला किती जोर लागतो, ते निरंजन शेजारी बसून पाहत होता. तिच्याबद्दल त्याला इतकं भरून यायचं की तो उगाच चहा आणायला उठायचा. घरातलं बोलणंही हळूहळू पुन्हा सुरू झालं.

पावसाळा सरत आला तेव्हा पुन्हा चाचणी ठरली, बंगालच्या उपसागरावर. या वेळी परीक्षा मागच्या बाजूचीच होती, म्हणून नवरी पुढे आणि म्हातारी बरीच मागे, अशी उडणार होती. नवरीत पडद्यासमोर ग्रुप कॅप्टन सरनोबत होते, म्हातारीतच मुरलेला कोल्हापूरचा गडी. कंपनीचा माणूस म्हणून निरंजन त्यांच्या मागे उभा होता. शर्वरी म्हातारीत होती.

अर्धी चाचणी सुरळीत झाली. मग म्हातारीकडून आवाज आला. केबिनमध्ये धूर आहे, तारा जळतायत, सगळी वीज बंद करतोय. एवढं बोलून रेडिओ गप्प झाला. वीज गेली म्हणजे रेडिओ गेला, आपली ओळख सांगणारी खूण गेली, दिशा दाखवणारी साधनं गेली. खाली समुद्र, मधे ढगांचा आणि पावसाचा गच्च पडदा. म्हातारी जिथे असायला हवी होती तिथे पडद्यावर काहीच नव्हतं.

मी सही केली असती तर ती आज घरी असती, एवढा एकच विचार निरंजनच्या डोक्यात घण घालत होता.

"शोधू," सरनोबत म्हणाले. आवाज थंड, माणूस पक्का. पडद्यावर मागच्या बाजूला खूप खाली पिवळे ठिपके लुकलुकत होते. "आधी हा कचरा काढतो, म्हणजे शोधायला मोकळं होईल." आणि त्यांचं बोट उठलं. एक ठिपका पुसला. दुसरा पुसला. वीस वर्षांचा हात होता तो. डोकं म्हातारीला शोधत होतं आणि बोट झाडलोट करत होतं. आणि शर्वरी त्यांना धाकट्या बहिणीसारखी, म्हातारीतली सगळीच त्यांची घरची माणसं.

तिसऱ्या ठिपक्यावर बोट टेकणार, इतक्यात निरंजनने त्यांचं मनगट धरलं.

कंपनीच्या माणसाने ग्रुप कॅप्टनला हात लावायचा नसतो. सरनोबतांनी मान वळवून पाहिलं.

"सर, या विमानाला पाहुणे येत नाहीत," निरंजन म्हणाला. त्याचं त्यालाच ऐकू येईना, म्हणून तो पुन्हा म्हणाला. "जे दिसतंय ते काहीतरी आहे. एकही पुसू नका. पुसलेले दोन्ही परत आणा."

सरनोबत आपल्या बोटाकडे पाहत राहिले, जणू ते दुसऱ्याचं होतं. मग मुकाट्याने दोन्ही ठिपके परत आणले आणि एकेक तपासू लागले. पहिलं मालवाहू जहाज निघालं. दुसरी पावसाची भिंत, वाऱ्याबरोबर सरकणारी. तिसरा ठिपका फिकट होता, लाटांना टेकल्यासारखा खाली, आणि विमानाच्या मानाने अगदी हळू. पण तो वाऱ्याच्या विरुद्ध चालला होता, सरळ रेषेत, किनाऱ्याच्या दिशेने.

"धूर बाहेर काढायला खाली उतरलेत," सरनोबत पुटपुटले. "खिडक्या उघडून, हळू." मग पुढच्या वैमानिकांना त्यांनी जो हुकूम दिला, त्याने निरंजनच्या कानाला दडे बसले.

नवरी वळली, ढगांत शिरली, गचके खात खाली उतरली. पावसात ती म्हातारीच्या पुढ्यात आली, सगळे दिवे लावून, आणि पंख हलवून खूण केली, माझ्या मागे या. म्हातारीने पंख हलवले. आंधळ्या माणसाला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यावा, तशी नवरी तिला किनाऱ्यावरच्या तळापर्यंत घेऊन गेली. धावपट्टी समोर दिसल्यावर ती बाजूला झाली. म्हातारीची चाकं जमिनीला टेकलेली निरंजनने वरून पाहिली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. सरनोबतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

नवरी उतरली तेव्हा पाऊस थांबला होता. म्हातारीतली सगळी माणसं बाहेर पडून उभी होती, काळवंडलेली, खोकत, पण सगळी. शर्वरी एका कडेला पाण्याची बाटली घेऊन उभी होती. निरंजन धावत तिच्यापर्यंत गेला.

"घाबरली होतीस?" त्याने विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "आग विझली होती. समुद्राचंही एवढं नाही वाटलं. पण हिशेब केला तर आम्ही तुमच्या बरोबर मागे होतो. खाली आणि हळू. तिथे दिसलेल्या ठिपक्याचं मी काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं ना."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि काळ्या गालांवर दोन ओघळ उमटले. ते पुसायचं तिला भान नव्हतं. सरनोबत मागून आले होते. त्यांनी टोपी काढली.

"मॅडम, माझं बोट निघालंच होतं," ते म्हणाले. "यांनी धरलं. हे बघा, वळ उठलाय."

शर्वरी रडता रडता हसली. तिकडे मेकॅनिक म्हातारीभोवती एक फेरी मारून आला आणि नुसती मान हलवली. ती आता पुन्हा उडणार नव्हती, हे कोणी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

"आता तरी करशील सही?" शर्वरीने विचारलं.

"करतो. उद्या."

"आज काय झालं?"

निरंजनने उजवा हात पुढे केला. तो थरथर कापत होता, पेन धरण्यासारखा नव्हताच. शर्वरीने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दोघं तिथेच, धावपट्टीच्या कडेच्या ओल्या गवतात बसली. उठायची घाई कोणालाच नव्हती.